तीन सुताचं भोक

'ठासून सांगणे' हा आपला रोजचा वाक्प्रचार. मीटिंगमध्ये क्लायंट ठासून सांगतो, आपण मुंडी हलवतो. हेच क्रियापद बंदुकीलाही लागतं. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी पुढून, नळीच्या तोंडातून घालतात आणि एका लांब दांडीने आत ठासतात ती. कोकणात शेतावर येणाऱ्या वानरांना आणि रानडुकरांना पिटाळण्यासाठी परवान्याच्या अशा बंदुका काही घरांत अजूनही असतात. ठासायच्या दांडीला मराठीत गज म्हणतात.

आज या गजाबद्दल लिहायचं आहे. खरं तर गजाबद्दलही नाही, वापरात नसताना तो ज्या भोकात जाऊन बसतो त्या भोकाबद्दल. भोकावर अख्खा लेख? हो. वाचून तर बघा.

गोष्ट मात्र कोकणातली नाही. ती आहे अठराव्या शतकातल्या अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनियाची. जर्मन भाषा बोलणारे कारागीर युरोपातून तिथे आले, ते सोबत त्यांची 'यॅगर' रायफल घेऊन. यॅगर म्हणजे शिकारी. ही बंदूक आखूड, जाडजूड, मोठ्या गोळीची. जर्मनीतल्या राखीव जंगलात एका दिवसाची शिकार करून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांसाठी ठीक होती. पण पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला महिना-महिना जंगलात काढणाऱ्या माणसाला शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागते. हिशोब सोपा आहे. साठ कॅलिबरच्या म्हणजे ०.६० इंच व्यासाच्या नळीसाठी एक पौंड शिशातून साधारण बावीस गोळ्या होतात, पन्नास कॅलिबरच्या नळीसाठी जवळजवळ चाळीस. पुढच्या दोन पिढ्यांत नळीचं भोक बारीक होत गेलं आणि नळी लांब होत गेली. बेचाळीस इंच, चव्वेचाळीस इंच, कधी त्याहूनही जास्त. माणसाच्या खांद्याला लागणारी बंदूक तयार झाली. हीच ती प्रसिद्ध लाँग रायफल. हिला पुढे केंटकी रायफल हे नाव पडलं, जरी जन्म पेनसिल्व्हेनियातला असला तरी. (मार्केटिंगचं श्रेय भलत्याच टीमला जाणं ही काही आपल्याच इंडस्ट्रीची मक्तेदारी नाही.)

१७७५ च्या जून महिन्यात अमेरिकन काँग्रेसने आपलं सैन्य उभं करताना पहिल्यांदा मागवल्या त्या रायफलवाल्यांच्या दहा तुकड्या: सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरीलँडच्या, दोन व्हर्जिनियाच्या. त्यामुळे अमेरिकन लोकांच्या मनात या बंदुकीला स्वातंत्र्यलढ्याचं वलय आहे. त्याआधी आणि नंतरही ती ज्यांच्यावर चालली आणि ज्यांनी स्वतःही व्यापाऱ्यांकडून विकत घेऊन उत्तम चालवली, ते शॉनी आणि डेलावेअर लोक त्या वलयात सहसा दिसत नाहीत. असो, तो वेगळ्या विकांताचा विषय आहे.

आता बंदूक उघडू.

लाँग रायफल कुठल्या दुकानात तयार झाली याचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. नळी बऱ्याचदा बोअरिंग मिलमधून यायची. चकमकीची कळ, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी यंत्रणा, पुष्कळदा इंग्लंड किंवा जर्मनीहून आयात केलेली असायची. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट असो नाहीतर ख्रिश्चन्स स्प्रिंगच्या मोरेव्हियन वसाहतीतला ख्रिश्चन अर्टर असो, कारागिराचा खास स्वतःचा म्हणावा असा भाग म्हणजे लाकडी दस्ता. आणि लाँग रायफलचा दस्ता खांद्यापासून पार नळीच्या तोंडापर्यंत जातो. जवळजवळ पाच फूट लांबीचं मेपलचं एकच लाकूड.

या दस्त्यात वरच्या बाजूला नळीसाठी लांब खोबण कोरायची. खालच्या बाजूला गजासाठी पन्हळ पाडायची. तोंडाकडच्या अर्ध्या भागात गज या उघड्या पन्हळीत असतो, पितळी कड्यांनी धरलेला. पण बंदूक चालवणाऱ्याचा डावा हात जिथे लाकूड धरणार तिथून मागे पन्हळ संपते आणि गज लाकडाच्या पोटात शिरतो. तिथे एक शेवटचं कडं बसवतात. तिथून मागे, कळीपर्यंत, फूटभर किंवा त्याहून चार बोटं जास्त खोल भोक पाडावं लागतं. वर नळी, खाली हाताला लागणारी लाकडाची कड, आणि मधे हे भोक.

मापं बघा. गज साधारण तीन अष्टमांश इंचाचा. आपल्याकडचा सुतार किंवा हार्डवेअरवाला याला सरळ तीन सूत म्हणेल. नळीची खोबण आणि गजाचं भोक यांच्या मधे जो लाकडाचा पडदा राहतो तो चांगल्या रायफलमध्ये जेमतेम एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर. जुन्या काही बंदुकांत याच्याही निम्मा. भोकाच्या खाली राहणारं लाकूडही तितपतच. चौदा इंच खोल भोकात शेवटच्या टोकाला एक सूत चूक व्हायला सुरुवातीचा कोन किती चुकावा लागतो? मी कागदावर काढून पाहिलं. अर्धा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा पाच सेकंदात जेवढा सरकतो तेवढा.

आणि हे भोक दिसत नाही. नळीचं भोकही लांब असतं, उलट तिप्पट लांब, पण तिथे तुम्ही आरपार बघू शकता. जुने नळीवाले आत ताणलेला दोरा धरून, त्याच्या सावलीवरून नळी कुठे वाकडी आहे ते ओळखायचे आणि हातोडीने ठोकून सरळ करायचे. म्हणजे तिथे चूक दुरुस्त करता येते. लाकडातलं भोक एका बाजूने बंद. आत काय चाललंय ते हाताला जेवढं कळेल तेवढंच. आणि वाकडं गेलेलं लाकूड ठोकून सरळ होत नाही. ज्यांनी कधी प्रॉडक्शन सर्व्हरवर लॉग नसलेला प्रोग्रॅम डीबग केलाय त्यांना ही भावना नीट कळेल.

त्यातून मेपल. या बंदुकांवर वाघाच्या अंगासारखे आडवे पट्टे दिसतात, ते रंगवलेले नसतात. लाकडाचे तंतूच लाटांसारखे वर-खाली जातात. दिसायला अप्रतिम. पण गिरमिटाच्या टोकाला दर काही सुतांवर तंतूंची दिशा बदलते: आता कडक, आता मऊ. टोक मऊ बाजूला झुकतं. एकदा झुकलं की लांब सळई त्याच्यामागे वाकते, आणि भोक हळूहळू कडेला चालायला लागतं. इंग्रजी बोलणारे कारागीर याला 'भटकणं' म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे.

भुसा हा दुसरा शत्रू. खोल भोकात भुसा बाहेर येत नाही, आतच ठासला जातो (पुन्हा तोच शब्द!). मग पातं गरम होतं, अडकतं आणि बाजूला ढकललं जातं. म्हणून इंचभर पुढे गेलं की सगळी सळई बाहेर काढायची, झटकायची, परत घालायची. चौदा इंचांसाठी चौदा वेळा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

त्या काळचं गिरमिट म्हणजे एका लांब सळईच्या टोकाला चमच्यासारखं खोलगट पातं. आपण पोलादात भोक पाडायला जे पिळाचं ड्रिल वापरतो त्याचं पेटंट मोर्सने १८६३ साली घेतलं, म्हणजे लाँग रायफलचे सुगीचे दिवस संपल्यावर. आजचे हौशी कारागीर तीन सुताच्या पिळाच्या ड्रिलला तेवढ्याच जाडीची चार फुटी सळई जोडून घेतात. हत्यार बदललं तरी युक्ती तीच आहे. आधी पाडलेली उघडी पन्हळ हाच सळईचा मार्गदर्शक. सळई पन्हळीत झोपवायची, वरून खाच पाडलेले लाकडी ठोकळे शिकंज्याने आवळायचे, म्हणजे सळईला वर, खाली, बाजूला कुठेच जाता येत नाही. पन्हळ दोन फूट सरळ असेल तर पुढचं फूटभर भोक सरळ जाण्याची शक्यता चांगली. पन्हळच जरा वाकडी असेल तर भोक तो वाकडेपणा इमानदारीने पुढे नेणार. म्हणजे खरं काम भोक पाडण्याच्या आधीच संपलेलं असतं, पन्हळ पाडताना.

इथे एक गोम आहे. चांगल्या लाँग रायफलची नळी एकसारख्या जाडीची नसते. मागे, जिथे दारूचा स्फोट होतो तिथे, जाड, मध्ये बारीक, तोंडाशी परत किंचित जाड. त्यामुळे वजन हाताशी येतं आणि बंदूक नीट तोलली जाते. पण भोक ज्या भागातून जातं तिथे नेमकी नळी मागे जाताना जाड होत असते. सरळ भोक आणि खाली येत जाणारी नळी एकमेकांच्या जवळ येत जातात. एक सुताचा पडदा मागच्या टोकाला पोचेपर्यंत अर्धा सूत होतो. म्हणून पन्हळ सुरुवातीपासूनच नळीपासून किंचित लांब जाईल अशी, मागे उतरती धरावी लागते. हा उतार किती हे नळीनळीवर ठरतं.

आणि मागच्या टोकाला गर्दी किती! दस्त्याच्या एका बाजूला बसलेली कळ दोन आडव्या बोल्टांनी धरलेली असते. पुढचा बोल्ट नेमका नळी आणि गजाचं भोक यांच्या मधून आरपार जातो. बोल्टची जाडी सव्वा-दीड सूत, आणि जागा एक सूत. बसणार कसा? नाहीच बसत. मग जुन्या कारागिरांनी नळीच्या खालच्या बाजूला कानशीने एक खाच घासली, किंवा बोल्ट सरळ भोकाच्या छताला खरवडत नेला आणि गजाचं टोक तिथे बारीक केलं.

मला हा सगळा प्रकार जिथे खरोखर आवडायला लागला ती जागा आता आली. या कारागिरांनी आपली पद्धत जवळजवळ कुठेच लिहून ठेवली नाही. मुलगा उस्तादाकडे राहायचा, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि बघून शिकायचा. त्यामुळे आज जे कळतं ते बंदुका उघडून. आणि नळी बाहेर काढली की जुन्या, नावाजलेल्या, कोरीवकाम केलेल्या, पितळेचं सुंदर झाकण असलेल्या रायफलींच्या पोटात काय दिसतं? भोकं भटकलेली. नळीच्या खोबणीच्या तळाला लांबट फट पडलेली, जिथे गिरमिट पडदा फोडून वर आलं. कधी भोक बाजूला जाऊन कळीच्या खाचेत डोकावलेलं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही, कारण वर नळी बसली की फट झाकली जाते, आणि बंदूक चालायला काही अडत नाही.

सोपा निष्कर्ष काढायचा तर म्हणता येईल की बेटे झाकून विकत होते. मला तसं वाटत नाही. वर फुटलेलं भोक निरुपद्रवी. खाली फुटलेलं भोक म्हणजे गिऱ्हाइकाच्या तळहाताला लागणारी चीर, आणि अख्खा दस्ता सरपणात. दोन्ही बाजूंना एक-एक सूत जागा असताना, चुकायचंच असेल तर वर चुकणं शहाणपणाचं. वर फुटलेली भोकं पाहून मला तरी हलगर्जीपणापेक्षा कुठल्या बाजूची चूक परवडते हे ओळखणाऱ्याचा हात दिसतो.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. नवशिक्याला वाटतं, आधी दस्ता छान घडवावा, पातळ करावा, मग त्यात भोक पाडावं. जाणता कारागीर उलट करतो. बाहेरून लाकूड ओबडधोबड, जाड ठेवायचं. आधी नळी बसवायची, मग पन्हळ, मग भोक. भोक पडल्यावर ते प्रत्यक्षात कुठे गेलंय ते मोजायचं: नळीच्या खोबणीच्या तळातून एक बारीक छिद्र खाली पाडायचं आणि तार घालून पडदा किती जाड उरलाय ते बघायचं. हे छिद्र पुढे नळीखाली लपतं. आणि मग बाहेरचं लाकूड त्या भोकाच्या मापाने उतरवायचं. भोक जरा खाली गेलं असेल तर बंदुकीचं पोट तिथे जरा खाली. डावीकडे गेलं असेल तर ती कड जरा भरीव. जी रेषा आपण म्युझियममध्ये काचेपलीकडून कौतुकाने बघतो, ती निदान काही अंशी, आत न दिसणाऱ्या भोकाने ठरवलेली आहे.

म्हणूनच नवख्याने घडवलेली नक्कल लांबूनही ओळखू येते. भीतीपोटी तो पडदा दोन-तीन सुतांचा ठेवतो. कळीजवळ सगळं खाली ढकललं जातं, मग घोड्याखालची पितळी कड खाली, मग पूर्ण बंदूक पोट सुटलेल्या माणसासारखी. वजनात फरक थोडाच पडतो, पण नजरेला ती फळी वाटते. कोरीवकाम कितीही करा, उपयोग नाही.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं संपलं. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास असं लेथ बनवलं जे एका नमुन्यावरून हुबेहूब दस्ते कापायचं. नमुन्यावर एक चाक फिरतं, लाकडावर तसंच पातं फिरतं. (कॉपी-पेस्टचा आजोबाच म्हणा.) मग टोपीच्या बंदुका आल्या, मग मागून भरायच्या काडतुसांच्या. गजाची गरजच गेली, त्याबरोबर भोकाची आणि ते पाडणाऱ्या हाताचीही. डोंगराळ ॲपलेशियात मात्र काही म्हातारे ठासणीच्या बंदुका बनवतच राहिले, कारण तिथे त्या स्वस्त आणि पुरेशा होत्या.

विसाव्या शतकात वारं फिरलं. कॅप्टन डिलिनचं केंटकी रायफलवरचं पुस्तक १९२४ साली आलं, आणि १९३३ साली ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६० च्या दशकात व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या ऐतिहासिक वसवलेल्या गावात वॉलेस गस्लरने लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून, जुन्या हत्यारांनी, अख्खी रायफल बनवून दाखवली. त्यावर निघालेली फिल्म आजही जालावर आवडीने पाहिली जाते. आणि १९७९ साली 'फॉक्सफायर' मालिकेच्या पाचव्या खंडात ॲपलेशियातल्या बंदूक बनवणाऱ्यांची कला नोंदवली गेली. ही मालिका जॉर्जियातल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या मासिकातून आली. मुलं टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांकडे जायची आणि तुम्ही हे कसं करता ते विचारायची. आपल्याकडे तांबट, लोहार, होडी बांधणारे यांच्याकडे असं टेपरेकॉर्डर घेऊन किती शाळा गेल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

ही हौशी मंडळी पुढे इतकी तयार झाली की गंमतच झाली. ख्रिश्चन अर्टरची १७७५ सालची सही असलेली एक रायफल १९७१ साली व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ती सापडली. ज्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे ती आली होती त्याला आधी वाटलं, ही नक्कल असणार!

आज अमेरिकेत नळीची खोबण कोरलेला आणि गजाचं भोक पाडलेला तयार दस्ता कुरिअरने घरी येतो. बहुतेक जण तोच घेतात, आणि नोकरी सांभाळून रविवारी बंदूक बनवणाऱ्याने तो का घेऊ नये? पण त्यात बाहेरची रेषा यंत्राने आधीच ठरवलेली असते. भोक पाहून लाकूड उतरवायचा प्रसंगच येत नाही. ज्यांना सरळ फळीपासून सुरुवात करायची असते ते अजूनही चार फुटी सळई घेऊन उभे राहतात, दर इंचाला भुसा झटकत.

गजाचं मात्र सांगायचं राहिलं. तो हिकरी लाकडाचा, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या एका चिवट झाडाचा. तो करवतीने कापत नाहीत, तंतूंच्या रेषेने फाडून काढतात. कापलेल्या काठीत तंतू तिरके निघून जातात, आणि ठासताना ती मोडली तर टोकदार भाग सरळ तळहातात घुसतो. जंगलात एकट्या माणसाला असा हात म्हणजे जिवाशी गाठ. शिवाय गज गेला की रायफल नुसती महागडी काठी. जुने गज एकसारख्या जाडीचेही नसायचे. तोंडाकडे तीन सूत, मागे निमुळते होत दोन-अडीच. सरळ, तीन सुती नवा गज आणून जुन्या रायफलमध्ये घालायला गेलं तर तो अनेकदा मागचे दोन-तीन इंच बाहेरच राहतो. मूळ गज बहुतेक बंदुकांतून केव्हाच हरवलेत. जिथे तो शिल्लक आहे तिथे त्याचं मागचं टोक एका बाजूने जरा जास्त घासलेलं सापडतं, जिथे दोनशे वर्षांपूर्वी गिरमिट भटकलं होतं त्याच बाजूने.